दोन रेघा पुसायला वेळ लागतो

बाळंतिणीला आपल्याकडे शेक-शेगडी मिळते, अळिवाचे लाडू मिळतात, सव्वा महिना तिला कुणी गार पाण्यात हात घालू देत नाही. ‘पिशवी साफ करून’ आलेली बाई मात्र दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटत असते, कारण घरात कुणाला कळू द्यायचं नसतं. शरीर असली गुपितं पाळत नाही.

दिवस राहिले की वारेच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक रक्तात सोडतात. घरच्या चाचणीवरची दुसरी रेघ त्याचीच. गर्भपातानंतर ते हळूहळू उतरतं. हजारोंच्या घरातून चाचणीला न दिसण्याइतकं खाली यायला तीन-चार आठवडेही लागतात. पंधरवड्यातच चाचणी करून ‘गर्भ राहिलाच की काय’ म्हणून रात्र जागून काढू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं.

ओटीपोटातल्या कळाही कामाच्या असतात. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे विणलेले असतात. ते आवळले की मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी खुशाल घ्यावी. गोळ्यांनी गर्भपात केला असेल तर साधारण दोन आठवडे थोडंथोडं अंगावरून जातं, काहींना महिनाभर डाग दिसतात. पण सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, एक दिवस उलटूनही १००.४ च्या वरचा ताप हटला नाही, स्रावाला घाण वास आला किंवा पोटदुखी वाढतच गेली, तर उद्यावर ढकलू नये.

सगळ्यात जास्त फसवते ती पाळी. ती बहुधा चार ते आठ आठवड्यांनी येते, पण बीज त्याआधीच सुटतं, कधी आठ-दहा दिवसांतच. ‘एकदा पाळी येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या जोडप्याला पुन्हा दिवस राहू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या बहुतेकींना त्याच दिवशी सुरू करता येतात.

आणि हो, अळिवाचा लाडू हिलाही द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं.

त्रास होत असूनही पुष्कळजणी बोभाटा होईल म्हणून परत दवाखान्यात जात नाहीत. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही डॉक्टरने तिचं नाव सांगितलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.