दोराच्या अल्याड

"एवढंसंच?"

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या सॅल्सबरीच्या माळावर बसमधून पाय खाली ठेवताच हा शब्द जगातल्या बहुतेक भाषांत उच्चारला गेला असेल. जूनमधल्या एका दुपारी तो मराठीत उच्चारला गेला. नागपूरहून लंडनला लेकाकडे आलेले एक निवृत्त गृहस्थ डोळ्यांवर आडवा हात धरून उभे होते. समोर हिरवंगार गवत, त्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या आणि मधोमध राखाडी दगडांचा एक पुंजका. "फोटोत तर केवढं दिसतं रे हे," ते म्हणाले. "बाबा, आधी जवळ तर चला," लेक म्हणाला. आईने तोवर स्कार्फ कानांवरून घट्ट ओढून घेतला होता. "आणि याला म्हणे उन्हाळा म्हणतात!"

लंडनपासून सुमारे १४० किलोमीटरवरचं हे स्टोनहेंज पाहायला वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं येतात. विंडसरचा किल्ला, बाथ शहर आणि हे दगड एका दिवसात उरकणाऱ्या सहली लंडनहून रोज सुटतात. मुलांकडे सुट्टीला आलेले आईवडील त्यांत हमखास असतात. तिकिटावर वेळ छापलेली असते. गाडी थेट दगडांपाशी जात नाही. अडीच-एक किलोमीटर अलीकडे, २०१३ च्या डिसेंबरात उघडलेल्या अभ्यागत केंद्रापाशी उतरायचं. तिथलं प्रदर्शन बघायचं, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या चुना-मातीच्या प्रतिकृतींत डोकावायचं, लाकडी ओंडक्यांवर चढवलेल्या भल्यामोठ्या दगडाचा दोर ओढून पाहायचा आणि मग फेऱ्या मारणाऱ्या बसमध्ये चढायचं. पूर्वी दगडांना अगदी खेटून एक डांबरी रस्ता जात असे. तो २०१३ मध्ये बंद केला आणि त्यावर गवत पेरलं. आता त्याची ओळखही पटत नाही.

बस सोडते तिथून पायवाट, आणि पायवाटेच्या आतल्या अंगाने दोर. गुडघ्याइतका उंच, कुणीही सहज ओलांडावा असा साधा दोर. पण ओलांडत कुणीच नाही. कडेने चालत राहायचं, कानाला लावलेल्या यंत्रातून माहिती ऐकायची आणि प्रदक्षिणा पुरी करून परतायचं. वाट एका बाजूने दगडांच्या बरीच जवळ जाते, दुसरीकडे लांबून वळते, त्यामुळे पुंजक्याचा आकार पावलागणिक बदलतो.

"एवढंसंच" म्हणणाऱ्यांचा सूर याच प्रदक्षिणेत उतरत जातो. मोकळ्या माळावर उंचीचा अंदाज यायला शेजारी काहीतरी लागतं. इथे ना झाड, ना घर. मग दोराच्या आत काम करणारा एखादा रखवालदार उभ्या दगडाशेजारून चालत जातो आणि एकदम लक्षात येतं की तो माणूस त्या दगडाच्या निम्म्यालाही पुरत नाही. बाहेरच्या कड्यातले दगड जमिनीवर चार-एक मीटर उंच. मुळात ते तीस असावेत असं मानतात, आज सतरा उभे आहेत. आतल्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकारात आणखी मोठ्या जोड्या होत्या, दोन उभे दगड आणि वर एक आडवा. त्यांतला सर्वांत उंच दगड एकटाच उरला आहे. तो जमिनीवर साडेसहा मीटरहून जास्त आणि जमिनीखाली आणखी सुमारे अडीच मीटर आहे. हे सगळे दगड सार्सन जातीचे, म्हणजे अतिशय कठीण वालुकाश्माचे. एकेकाचं वजन सरासरी पंचवीस टन. इसवीसनपूर्व २५०० च्या सुमारास, लोखंड माहीत नसलेल्या माणसांनी ते दगडानेच घडवले आणि उभे केले.

त्या एकट्या दगडाच्या डोक्यावर एक गोल उंचवटा आहे. दुर्बीण असेल तर स्पष्ट दिसतो, नसेल तरी मोबाइलच्या झूममध्ये सापडतो. ती कूस आहे. सुतार दाराच्या चौकटीला कूस आणि खोबण करून सांधा बसवतो, तसाच सांधा इथे दगडात केला आहे. उभ्या दगडावर कूस, वरच्या आडव्या तुळईत तिच्या मापाची खोबण. बाहेरच्या कड्यावरच्या तुळया शेजारच्या तुळईशीही अशाच जोडलेल्या आहेत, एकीला जिभली आणि दुसरीला खाच. शिवाय त्या सरळ नाहीत. कडं गोल व्हावं म्हणून प्रत्येकीला किंचित बाक दिलेला आहे. लाकूडकामाचा हात असलेल्या माणसांनी दगड घडवला, हे त्या उंचवट्यावरून कुणालाही कळतं. नागपूरच्या बाबांनी मोबाइलवर तो मोठा करून पत्नीला दाखवला. त्या म्हणाल्या, "आपल्या जात्याच्या खुंट्यासारखा दिसतोय." उपमा अगदीच चुकीची नव्हती.

मग बाबांना आठवण झाली. "आपल्या जुनापाणीला दगडावर बसून डबा खाल्ला होता आम्ही." नागपूरजवळ काटोल रस्त्यावरचं जुनापाणी. तिथे सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत. तिथले धोंडे इथल्यासारखे घडवलेले नाहीत आणि उंचही नाहीत. ती लोहयुगातली दफनं आहेत, स्टोनहेंजहून हजार वर्षांहून जास्त अलीकडची. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरली, तेव्हा लोखंडी हत्यारं आणि मातीची भांडी निघाली. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. अशाच खुणा ब्रिटनमधल्या दगडांवर असल्याचं त्याला माहीत होतं आणि तो दोन्हींची तुलना करत बसला. जुनापाणीला हात लावायला मिळतो, इथे मिळत नाही, एवढा फरक बाबांच्या ध्यानात पक्का बसला.

हा दोर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याआधी लोक दगडांमध्ये फिरत, पडलेल्या दगडांवर चढून बसत, त्यांवर फोटो काढून घेत. पायांच्या घर्षणाने मधलं गवत उरलं नाही, चिखल झाला, म्हणून खडी टाकावी लागली. त्याहून मागे गेलं तर प्रवाशांच्या हातांत आणखी काही दिसतं. अठराव्या शतकात इथे वर्षानुवर्षं मोजमापं घेणारा विल्यम स्टकली आपल्या पुस्तकात वैतागून लिहितो की लोक मोठाले हातोडे घेऊन दगडांचे टवके उडवतात. आठवण म्हणून तुकडा न्यायचा ही तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. कुणी नावं कोरली. आजही काही दगडांवर सतराव्या शतकातली अक्षरं वाचता येतात.

अशाच एका नाव कोरणाऱ्याचे उपकार मानावेत असा प्रसंग १९५३ च्या जुलैत घडला. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड अॅटकिन्सन त्रेपन्न क्रमांकाच्या दगडावरच्या जुन्या नावाचं छायाचित्र घेत होते. उन्हं उतरली होती, तिरपा प्रकाश दगडाच्या अंगावरून सरकत होता. कॅमेऱ्यातून बघताना नावाच्या खाली त्यांना कट्यारीचा आकार दिसला, मग शेजारी कुऱ्हाडींची पाती. कांस्ययुगातली ती चित्रं जवळजवळ साडेतीन हजार वर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे लेसरने मोजणी झाली तेव्हा अशा पात्यांची संख्या शंभराच्या वर गेली. दोराच्या बाहेरून, दुपारच्या सपाट उजेडात, त्यांतलं एकही दिसत नाही.

सगळेच प्रवासी वर बघत आले असंही नाही. १८७७ च्या जूनमध्ये अडुसष्ट वर्षांचे चार्ल्स डार्विन इथे आले ते गांडुळांसाठी. पडलेले दगड हळूहळू जमिनीत का रुततात, हा त्यांचा प्रश्न होता. मालकाच्या परवानगीने त्यांनी दगडांच्या कडेने खणून पाहिलं. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि दगड खाली जातात, हे त्यांनी १८८१ च्या आपल्या गांडुळांवरच्या पुस्तकात या दगडांच्या उदाहरणासह मांडलं.

मालक म्हणजे खरोखरच खासगी मालक. १९०० सालच्या शेवटच्या दिवशी वादळात बाहेरच्या कड्यातला एक दगड कोसळला. मालकाने पुढच्या वर्षी कुंपण घातलं आणि शिलिंगभर प्रवेशशुल्क लावलं. १९१५ मध्ये सॅल्सबरीच्या नाट्यगृहात लिलाव झाला. पंधरा क्रमांकाचा माल म्हणून स्टोनहेंज पुकारलं गेलं आणि सेसिल चब या स्थानिक गृहस्थाने ते ६,६०० पौंडांना घेतलं. तो गेला होता म्हणे घरासाठी काही सामान घ्यायला. तीन वर्षांनी त्याने ते सरकारला दान केलं. आसपासच्या रहिवाशांना आजही तिकीट पडत नाही, ती सवलत त्या दानाच्या अटींमधून आलेली.

तुकडा नेण्याच्या सवयीची सर्वांत मजेशीर गोष्ट मात्र विसाव्या शतकातली आहे. १९५८ मध्ये एक पडलेली जोडी पुन्हा उभी करताना अठ्ठावन्न क्रमांकाच्या दगडाला तडा असल्याचं दिसलं. तो सांधायला धातूच्या सळ्या घालायच्या म्हणून आरपार भोकं पाडली. भोकातून निघालेली मीटरभर लांब, बोटाएवढी जाड दगडी कांडी त्या कामावरच्या एका माणसाने आठवण म्हणून ठेवून घेतली, पुढे अमेरिकेलाही नेली. साठ वर्षांनी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०१८ मध्ये त्याने ती परत पाठवली. मूळ दगडाला आता छेद द्यायची परवानगी कुणालाच मिळाली नसती. या कांडीच्या काही भागाचा मात्र चुरा करून रासायनिक तपासणी करता आली. २०२० मध्ये उत्तर आलं: बहुतेक सार्सन दगड उत्तरेला सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या जंगलातले. आतल्या लहान निळसर दगडांचं मूळ वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांत असल्याचं १९२३ पासून माहीत होतं. मधोमध आडव्या पडलेल्या सहा टनी शिळेचा पत्ता २०२४ मध्ये लागला, तोही पूर्वी गोळा करून ठेवलेल्या नमुन्यांवरून. ती ईशान्य स्कॉटलंडची निघाली, किमान साडेसातशे किलोमीटर लांबची.

दोराच्या आत जायचं दार अगदीच बंद नाही. भल्या पहाटे किंवा संध्याकाळी, नेहमीच्या वेळेबाहेर, छोट्या गटांना वेगळं तिकीट काढून आत सोडतात. तिथेही हात लावायचा नाही. आणि दरवर्षी, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आदल्या रात्री, फाटक सर्वांनाच फुकट उघडतं. १९८५ मध्ये इथे जत्रा भरवायला निघालेल्या तांड्याची पोलिसांशी मोठी झटापट झाली, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली आणि पुढे कित्येक वर्षं ही रात्र बंद राहिली. २००० पासून ती पुन्हा सुरू आहे. पांढऱ्या झग्यांतले ड्रुइड पंथाचे लोक, ढोल वाजवणारी पोरं, झोपाळू मुलांना कडेवर घेतलेले आईबाप असे हजारो जण रात्रभर जागतात. दगडावर चढायला मनाई असते, पण पाठ टेकायला कुणी अडवत नाही. पहाटे सूर्य वेगळ्या उभ्या असलेल्या टाचेच्या दगडाच्या दिशेने उगवतो, ढग नसतील तर. ढग बहुधा असतात. अभ्यासकांचं लक्ष उलट टोकाकडे, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे जास्त आहे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत सापडलेली डुकरांची हाडं ऐन हिवाळ्यातल्या मेजवान्यांकडे बोट दाखवतात.

पाच वाजता नागपूरच्या मंडळींची प्रदक्षिणा संपली. दुकानातून फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घेतलं, चहा घेतला. लेकाची गाडी ए-३०३ या हमरस्त्याला लागली आणि थोड्याच वेळात अडकली. तिथे रस्ता अरुंद होतो आणि डावीकडे, शेतापलीकडे, तेच दगड पुन्हा दिसतात. बघायला म्हणून प्रत्येक जण वेग कमी करतो आणि रांग लागते. हा रस्ता बोगद्यातून नेण्याची योजना वर्षानुवर्षं वादात राहिली आणि २०२४ मध्ये रद्द झाली.

"थांब थांब, हळू घे," बाबा म्हणाले. लेकाला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतंच. इथून दोर दिसत नव्हता, माणसंही ठिपक्यांएवढी झाली होती, आणि उतरत्या उन्हात दगडांची एक बाजू उजळली होती. बाबांनी काच खाली करून दिवसातला सर्वांत चांगला फोटो काढला. पुढची गाडी हलली तरी त्यांची हलली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही. तिचा चालकही मान वळवून डावीकडेच बघत होता.