युनिट का उडतं?

लातूर-नांदेडकडे हरिनाम सप्ताहात देवळावर बांधलेला कर्णा ऐन कीर्तनात गप्प होतो, आणि सगळे मोठ्या ॲम्प्लिफायरला दोष देतात. खरं कारण उष्णता. कर्ण्याच्या युनिटला, म्हणजे त्यातल्या स्पीकरला, मिळालेल्या विजेतला थोडाच भाग आवाज होतो, बाकीची कॉइलच्या बारीक तारेला तापवते. वार्निश करपतं, तार तुटते. युनिट उघडल्यावर येणारा तो जळका वास मेकॅनिकला लांबूनच कळतो.

छोटा ॲम्प्लिफायर पिळून वाजवला तरी हेच होतं. लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि ताकद नोंदलेल्या वॅटच्या दुपटीकडे जाऊ शकते. म्हणून आवाज फाटला की आधी बटण मागे घ्या. माझ्या मते याहून मोठं संरक्षण नाही.

८ ओहम, २० वॅटच्या स्पीकरला साधारण दीड अँपिअर करंट पुरतो, तेवढ्याचा फ्यूज तारेत टाकावा. कर्ण्याच्या युनिटला पखवाजाचा खर्ज झेपत नाही, पडदा नुसता आपटतो. ८ ओहमच्या युनिटला ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये जोडला, की साधारण ४२० हर्ट्झच्या खालचा खर्ज उतरत जातो. अभंगाचे शब्द स्पष्टच राहतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या १०० व्होल्टच्या लाइनला मात्र हा हिशेब लागू नाही.