पाहायला पाठवणारी संस्था

गेल्या वर्षी रमजान जवळ आला असताना आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील मधल्या सुटीत शाळेत आले. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर आहेत. हातात मोबाइल, चेहऱ्यावर खुशी आणि त्यामागे थोडी भीतीही. "टीचर, पोरगी सिलेक्ट झालीय. परदेशात. आर्टिस्ट एक्सचेंज म्हणतात त्यात."

मुलगी आम्हांला चांगली आठवत होती. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड मिळाली होती. उर्दूच्या तासाला ही वहीच्या मागच्या पानावर नूनचा दायरा पुन्हापुन्हा काढत बसायची आणि आमची बोलणी खायची. पुढे तिने कलेचा डिप्लोमा केला. आता ती टाइल्सवर कूफी अक्षरे रंगवते, भाजून आणते, थोडीफार विकतेही.

आम्ही मोबाइलवरचे पत्र वाचले. आखाती देशातल्या एका शहरात सात दिवसांचा 'आंतरराष्ट्रीय कलाकार विनिमय', शेवटी प्रमाणपत्र आणि ट्रॉफी. नोंदणी शुल्क 45,000 रुपये. तिची कामे कोणी पाहिली, निवड कोणी केली, तिथे ती कोणाकडून काय शिकणार, यावर एक ओळ नव्हती. बँकेचा खाते क्रमांक मात्र दोनदा दिला होता. वडिलांनी 15,000 आधीच पाठवले होते. उरलेले आठवड्यात भरायचे होते. त्यासाठी बचत गटातून उचल घ्यावी का, एवढेच विचारायला ते आले होते.

उरलेले पैसे त्यांनी भरले नाहीत. आधीचे परत मिळाले नाहीत. ईदचे कपडे त्या वर्षी धाकट्यांपुरतेच झाले. पण त्यांचा एक प्रश्न आमच्या मनात राहिला. "मग टीचर, खरी संस्था कशी असते? ती पैसे घेत नाही, उलट देते, असं खरंच असतं का कुठे?"

असते. अशाच एका संस्थेची हकीकत आज सांगतो, कारण तिचा धागा थेट मुंबईच्या महंमद अली रोडपर्यंत येतो.

अमेरिकेतल्या रॉकफेलर या तेलसम्राट घराण्यातले तिसरे जॉन डी. रॉकफेलर 1951 मध्ये अमेरिकेच्या शांतता शिष्टमंडळाबरोबर जपानला गेले. युद्ध संपून सहाच वर्षे झाली होती. दोन्ही देशांतली माणसे एकमेकांना ओळखणार कशी, याचा विचार करायचे काम त्यांच्याकडे होते. पुढे 1956 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एशिया सोसायटी स्थापन केली, आणि 1963 मध्ये स्वतःच्या नावाचा एक फंड काढला. त्या फंडाच्या आशिया विभागाचे काम एकच होते. आशियातल्या कलावंतांनी अमेरिकेत येऊन पाहावे, अमेरिकेतल्यांनी आशियात जाऊन पाहावे, आणि त्याचा खर्च फंडाने करावा. 1978 मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर 1980 मध्ये याच कामासाठी 'एशियन कल्चरल कौन्सिल' ही संस्था उभी राहिली. ती आजही न्यूयॉर्कहून चालते. टोकियो, हाँगकाँग, तैपेई आणि मनिला येथेही तिची कार्यालये आहेत.

त्या काळात अमेरिका आणि रशिया यांच्यात साऱ्या जगाचे मन जिंकण्याची चढाओढ चालू होती. त्यामुळे यामागचा हेतू निव्वळ निःस्वार्थ होता, असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंतांच्या दानात त्यांचा काळही मिसळलेला असतो. पण दिलेल्या पैशाने काय झाले, तेही पाहिले पाहिजे.

तैयब मेहता यांचे उदाहरण घ्या. 1925 चा जन्म, गुजरातमधले कपडवंज हे मूळ गाव, दाऊदी बोहरा घराणे. वाढले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. सुरुवातीला सिनेमाच्या संकलन विभागात नोकरी केली, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. फाळणीच्या दंगलीत महंमद अली रोडवर घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाने एका माणसाला ठार मारताना पाहिले. ते दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर हलले नाही. पाय बांधून पाडलेला बैल, कोसळणारी माणसे, हे त्यांचे विषय तिथून आले.

1968 मध्ये त्यांना या फंडाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या नव्या चित्रकारांची चित्रे त्यांनी छापील स्वरूपात आधी पाहिली होती. बार्नेट न्यूमन या चित्रकाराचे मोठमोठे, जवळजवळ एकाच रंगाचे कॅनव्हास प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मात्र ते हादरून गेले. छपाईत जे सपाट आणि रिकामे वाटत होते, ते समोर उभे राहिल्यावर भरलेले दिसले. आम्ही शिक्षक मुलांना पुस्तकातले चित्र दाखवतो आणि 'पाहिले ना?' असे विचारतो. ते पाहणे आणि हे पाहणे वेगळे.

पण खरी गोष्ट घरी आल्यावर घडली. परतल्यावर त्यांना काही सुचेना, काम अडले. 1969 मध्ये एके दिवशी वैतागून त्यांनी कॅनव्हासवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपा पट्टा ओढला, आणि चित्र दुभंगले. त्या दुभंगातून त्यांची 'डायगोनल' ही प्रसिद्ध मालिका जन्मली. सपाट रंग न्यूयॉर्कला पाहिलेले, पण चिरफाळलेला माणूस महंमद अली रोडवरचा. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, त्यांनी 'कूडल' हा लघुपट केला आणि कॅमेरा घेऊन वांद्र्याच्या कत्तलखान्यात गेले. या शिष्यवृत्तीने त्यांना अमेरिकन केले नाही. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे 'सेलिब्रेशन' हे चित्र सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली. तोवर त्यांचे वय 77 झाले होते. 2009 मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

अकबर पदमसी हे खोजा घराण्यातले, 1928 चा जन्म, तेही मुंबईचे आणि जे. जे.चेच. त्यांना हीच शिष्यवृत्ती 1965 मध्ये मिळाली. त्यांचे आम्हांला भावते ते नंतरचे काम. 1969 मध्ये त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. तो पैसा आपल्याच स्टुडिओवर खर्च केला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी मात्र मुंबईत नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' उघडले. कॅमेरा, छापयंत्र, डार्करूम अशी साधने जमवली आणि चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांना सांगितले, या, वापरा. विशीतल्या नलिनी मलानी तिथेच कॅमेरा हाताळायला शिकल्या. आज त्यांचे नाव जगभर आहे. ही कार्यशाळा थोडीच वर्षे चालली, पण चालली तेवढी दार उघडे ठेवून.

वासुदेव गायतोंडे हे याच काळातले. नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे. 1964 मध्ये या फंडाने त्यांना न्यूयॉर्कला नेले. पन्नास वर्षांनी, 2014 मध्ये, त्याच शहरातल्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. तोवर गायतोंडे जाऊन तेरा वर्षे झाली होती.

ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटू नये. मूळ रक्कम राखून तिच्या उत्पन्नातून परक्या मुसाफिराचा खर्च करायचा, यालाच आपल्याकडे वक्फ म्हणत आले आहेत. इब्न बतूता 1326 मध्ये दमिश्कला पोहोचला. तिथल्या वक्फांचे वर्णन त्याने मोठ्या कौतुकाने केले आहे. मुसाफिरांसाठी वेगळा वक्फ होता. त्यातून जेवण आणि कपडे मिळत, आणि आपल्या मुलखात परत जाण्याचा खर्चही मिळे. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी फुटली, तर लोकांनी त्याला तुकडे गोळा करायला लावून भांड्यांच्या वक्फाकडे नेले आणि तिथून त्याला थाळीची किंमत मिळाली, असेही त्याने लिहून ठेवले आहे. (इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचे ते प्रसिद्ध वाक्य आम्ही इथे मुद्दाम आणत नाही. मुहद्दिसीन त्याला कमजोर मानतात, आणि आमच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.) परतीच्या खर्चाची तरतूद मात्र लक्षात ठेवावी. जो तुम्हांला बोलावतो आणि परत घरी पोहोचवण्याचीही काळजी करतो, त्याची नियत कळते.

काही घरांतून लगेच प्रश्न येतो. चित्रकला आपल्यात चालते का? सजीवांच्या चित्रांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याचा निकाल देणे आमचे काम नाही. पण ज्यांना ते नको वाटते, त्यांनी सगळे दारच का बंद करावे? एशियन कल्चरल कौन्सिलसारखी संस्था चित्रकारांपुरती नसते. वास्तुकला, हस्तकला, छायाचित्रण, संगीत, नाटक, संग्रहालयाचे काम, जुन्या वस्तूंचे जतन, हे सारे तिच्या कक्षेत येते. जीर्ण हस्तलिखिताचा कागद कसा वाचवायचा, हे शिकलेली माणसे आपल्याकडे किती आहेत? किती मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या कपाटांत जुने नुस्खे वाळवीला लागले आहेत! ब्रिटनमधला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट 1981 पासून भारतीयांना कलांबरोबर वारसा-जतनाच्या शिक्षणासाठीही मदत करतो. ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या एकाही पालकाला माहीत नव्हती. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी आम्हांलाही नव्हती.

आणि मुलींचे काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही झरीना हाश्मी यांचे नाव सांगतो. अलीगढला 1937 मध्ये जन्म, वडील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीनांनी अलीगढलाच गणितात पदवी घेतली, मग पॅरिसला छापचित्रे शिकल्या, आणि 1974 मध्ये जपान फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर टोकियोला लाकडी ठशांचे काम पाहायला गेल्या. राहिल्या बहुतेक परदेशातच. तरी 1999 मधली त्यांची एक मालिका पाहा. 36 काळे-पांढरे ठसे, साध्या रेषा, आणि प्रत्येकाखाली नस्तालीकमध्ये एकेक उर्दू शब्द. घराच्या आठवणीचे शब्द. उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला ते पाहून काय वाटले असेल, ते काय सांगावे!

आता व्यवहाराचे बोलू. खरी संस्था प्रथम तुमचे काम मागते. वीसेक कामांची स्पष्ट छायाचित्रे, मापे आणि वर्ष यांसह. मग ती विचारते, तुम्हांला नेमके काय पाहायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, आणि ते तिथेच का. तुमचे काम जाणणाऱ्या एकदोघांची शिफारसपत्रे मागते. जाणकारांची समिती ते सारे वाचते, पुष्कळदा मुलाखत घेते, आणि बहुतेकांना नकार कळवते. हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे. नकार येणे हा या रस्त्याचा भाग आहे. भर असतो तो पाहण्यावर आणि शिकण्यावर. ट्रॉफी बहुधा नसतेच. जिथे कामाआधी पैशांची चौकशी होते, 'जागा राखण्यासाठी' रक्कम मागतात, एका आठवड्याची मुदत घालून घाई करतात, तिथून पाय मागे घ्यावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर पोलिसांच्या 1930 या क्रमांकावर कळवावे. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी लाजेपोटी तीन आठवडे काढले, आणि तेवढ्यात माग हरवला.

कागदपत्रांचे तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आधी, आधारवर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचे नाव अर्धे. कला कितीही मोठी असली तरी पासपोर्टच्या खिडकीपाशी गाडी इथेच अडते. मुले नववीत असतानाच सगळीकडे एकसारखे नाव करून घ्या, असे आम्ही प्रत्येक पालकसभेत सांगतो आणि दर वर्षी दहावीनंतर तीच रांग पाहतो.

त्या मुलीने या दिवाळीच्या सुटीत अर्जाची तयारी सुरू केली. काय पाहायचे आहे, या रकान्यात तिने पहिल्यांदा लिहिले होते, 'जगातील उत्तम टाइलकाम'. आम्ही विचारले, "बिदर पाहिलंस का?" नव्हते पाहिले. महमूद गावान यांचा मदरसा 1472 चा, इराणी धाटणीचा. त्याच्या भिंतीवर रंगीत टाइल्सचे काम आणि त्यात अक्षरे, आजही काही शिल्लक आहेत. गावान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून आलेले. पाचशे वर्षांपूर्वीचा तो विनिमय एसटीने एका दिवसाच्या अंतरावर होता.

डिसेंबरमध्ये बाप-लेक बिदरला जाऊन आले. परतल्यावर तिने तो रकाना पुन्हा लिहिला. आता त्यात एका विशिष्ट निळ्याविषयी प्रश्न आहे. तिच्या भट्टीत तो रंग फुटतो, तिथल्या भिंतीवर मात्र तो ऊन-पावसात टिकला आहे. आणि हे कोणाकडे जाऊन विचारावे, तेही तिने शोधून काढले आहे. तिच्या टाइल्सची छायाचित्रे गच्चीवर सकाळच्या उजेडात काढली. मागे पांढरी चादर धरून तिचे अब्बू उभे होते. रात्रपाळी करून आलेले. दोन छायाचित्रांत चादरीच्या कडेला त्यांची बोटे आली आहेत, म्हणून ती परत काढायची आहेत.