सेनापतीचा राजीनामा: १९५९ सालचा एक धडा

मंडळी, मागच्या वेळी आपण सद्सद्विवेक आणि आज्ञापालन यांबद्दल बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे की बोट मालकाची असते, पण वारा फिरलाय की नाही हे तांडेल सांगतो. मालकानं ऐकलंच नाही, तर तांडेल बोटीवरून उतरू शकतो. सेनापतीनं काय करावं?

३१ ऑगस्ट १९५९ रोजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं पटत नव्हतं. बढत्यांवरून वाद होते, आणि चीनकडून असलेल्या धोक्याकडे पुरेसं लक्ष नाही ही चिंता होती. त्याच महिन्यात लोंगजूला चकमक झाली होती. पंतप्रधान नेहरूंनी समजूत घातली आणि थिमय्यांनी राजीनामा मागे घेतला. पण बातमी फुटली. २ सप्टेंबरला नेहरू लोकसभेत म्हणाले की मतभेद किरकोळ, स्वभावातले होते, आणि नागरी सत्ता हीच सर्वोच्च आहे आणि राहिली पाहिजे.

हे तत्त्व आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. शेजारच्या देशात १९५८ सालीच लष्करानं सत्ता घेतली होती, ही भीती काल्पनिक नव्हती. पण बघा, इथे दोन प्रश्न एकात मिसळले. निर्णय कुणी घ्यायचा, हा एक. सीमेवरची तयारी पुरेशी आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरोबर दिलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. अधिकार म्हणजे ज्ञान नव्हे.

आपल्याच रायगडच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. मंत्र्याला ती सोय असते. गणवेशातल्या माणसाला ती नसते आणि नसावी. म्हणून त्याचा राजीनामा मुका असतो. आणि मागे घेतला की, मग चर्चा उरते ती फक्त त्याच्या वागण्याची. तेच झालं.

दुसरी वाट कोल्हापूरकडच्या जनरल एस. पी. पी. थोरातांची. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी धोक्याचं मूल्यमापन लेखी पाठवलं, १९६० साली लखनौला 'लाल किला' हा युद्धाभ्यास घेतला. थिमय्यांनी आपल्यामागे त्यांचं नाव सुचवलं होतं. १९६१ साली निवड थापर यांची झाली. पुढच्या वर्षी युद्ध झालं, मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

म्हणजे एकानं राजीनामा दिला, एकानं कागद लिहिला. ऐकलं कुणाचंच गेलं नाही. आमचं म्हणणं एवढंच: आज्ञा देण्याचा हक्क ज्याचा, ऐकून घेण्याचं कर्तव्यही त्याचंच. तांडेलानं बोट सोडायची की नाही, हा प्रश्न नंतरचा. त्याआधी मालकानं एकदा आभाळाकडे बघायला हवं.