बराकर शैलसमूह : कोळशाच्या थरांत उमटलेला नद्यांचा इतिहास

देशातील दगडी कोळशाचा जवळजवळ सर्व साठा गोंडवन खडकांत आहे. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा कोळसाधारी घटक म्हणजे बराकर शैलसमूह. दामोदरच्या उपनदीचे नाव लाभलेला हा शैलसमूह झारखंड, पश्चिम बंगालपासून महानदी व गोदावरीच्या खोऱ्यांपर्यंत आढळतो. चंद्रपूर परिसरातील कोळसाही याच खडकांतला.

सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हिमयुग ओसरले. त्याच्या खुणा बराकरच्या खालील तालचेर थरातील गोट्यांत दिसतात. त्यानंतर खचत जाणाऱ्या खोऱ्यांतून नद्या वाहू लागल्या. पात्रात जाडी वाळू साचली, पुराच्या मैदानात गाळ बसला आणि दलदलीत वनस्पतींचे अवशेष दडपले गेले. पात्र सरकले की दलदलीवर पुन्हा वाळू येई. म्हणूनच वालुकाश्म, शेल आणि कोळसा असा क्रम येथे वारंवार दिसतो. झरिया क्षेत्रात तर कोळशाचे १८ प्रमुख थर मोजले जातात.

शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. हीच पाने दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातही मिळतात. स्कॉट यांच्या दुर्दैवी मोहिमेने १९१२ मध्ये अंटार्क्टिकावर गोळा केलेल्या खडकांतही ती निघाली. हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. त्या महाखंडाला मिळालेले ‘गोंडवन’ हे नाव मात्र मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशाचे, ही बाब फारशी सांगितली जात नाही.

नद्यांच्या या वारशाची किंमतही मोजावी लागते. पुराबरोबर आलेली माती वनस्पतींच्या अवशेषांत मिसळल्याने भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते. झरियातील कोळसा पोलाद उद्योगाला लागणारा कोक देतो. तरीही तो वापरण्यापूर्वी धुवावा लागतो.

त्याच झरियात १९१६ पासून भूगर्भातील आगीची नोंद आहे. जुन्या भुयारांत हवा शिरली की कोळसा आपोआप तापून पेटतो. आधाराचे खांब जळून ढासळतात, वरचा वालुकाश्म तडकतो आणि त्या भेगांतून आणखी हवा आत जाते. थर एकावर एक असल्याने खालच्या पोकळीचा परिणाम थेट वस्त्यांपर्यंत पोहोचतो. बाधित कुटुंबांच्या पुनर्वसनाचा बृहत् आराखडा केंद्राने २००९ मध्ये मंजूर केला.