सांडपाण्यातील फॉस्फरस शोषणारे जीवाणू व सामूचा प्रभाव

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर शहरास पिण्याचे पाणी पैठणच्या नाथसागर जलाशयातून मिळते. आणि शहराचे सांडपाणी जिच्यात मिसळत आले आहे ती खाम नदी पुढे याच जलाशयाकडे जाते. मलमूत्र व धुण्याच्या पावडरीतून येणारा फॉस्फरस (स्फुरद) उथळ जलाशयात शैवाल व जलपर्णी वाढवितो. म्हणून त्याच्या जैविक निष्कासनाचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो.

प्रक्रियेचे स्वरूप

हवा खेळविलेला सक्रियित गाळ फॉस्फरस वेगाने शोषतो, असे श्रीनाथ, शास्त्री व पिल्ले या भारतीय संशोधकांनी १९५९ मध्ये नोंदविले. हे कार्य करणारे जीवाणू ऑक्सिजनविरहित टाकीत ॲसिटेटसारखी आम्ले शोषून साठवितात. त्यासाठी लागणारी ऊर्जा ते पेशीतील पॉलिफॉस्फेट विघटित करून मिळवितात व फॉस्फेट बाहेर टाकतात. पुढील हवायुक्त टाकीत ते सोडल्यापेक्षा अधिक फॉस्फेट परत घेतात. हा गाळ काढून टाकला की फॉस्फरसही निघून जातो.

सामूचा परिणाम

पाण्याचा सामू वाढला की ॲसिटेट पेशीत ओढून घेण्यास अधिक ऊर्जा लागते. सामू ५.५ वरून ८.५ झाल्यास शोषलेल्या ॲसिटेटच्या प्रमाणात बाहेर पडणारे फॉस्फेट सुमारे तिप्पट होते. हा बिघाड नव्हे.

खरा प्रश्न स्पर्धेचा आहे. ग्लायकोजन साठविणारे जीवाणू तेच अन्न खातात, परंतु फॉस्फरस काढीत नाहीत. २००१ मधील फिलिपे व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत सामू सुमारे ७.२५ च्या खाली असता हे प्रतिस्पर्धी ॲसिटेट अधिक वेगाने घेतात, तर त्याच्या वर त्यांचा वेग मागे पडतो, असे आढळले.

नायट्रीकरणामुळेही सामू घसरतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) खर्च होते; विनायट्रीकरणाने तिच्यापैकी सुमारे निम्मी परत मिळते. उलटपक्षी, सामू फार वाढल्यास कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो व ते जीवाणूंचेच कार्य आहे असा गैरसमज होऊ शकतो.

निष्कर्ष

केंद्र शासनाच्या २०१७ च्या अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या सामूची मर्यादा ६.५ ते ९.० होती. म्हणजे ६.८ सामूचे पाणी त्या निकषात बसते. मात्र त्याच सामूला ऑक्सिजनविरहित टाकीतील अन्न प्रतिस्पर्धी जीवाणूंकडे जाऊ शकते. सौम्य आम्लता उपयुक्त जीवाणूंना मारीत नाही, त्यांचा घास हिरावून घेते. म्हणून केवळ बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नव्हे, तर या टाकीतील सामू व क्षारता नियमित मोजणे आवश्यक आहे.