विश्लेषण : निकाल ठरलेला, मुखवटा खोटा, तरीही डोळ्यांत पाणी का? ब्रे वायटच्या चाहत्यांचे वेड नेमके काय सांगते?

‘नुरा कुस्ती’ हा शब्द मराठी वाचकांना नवा नाही. आतून हातमिळवणी आणि बाहेरून झुंज, असे चित्र राजकारणात दिसले की हा शब्द हमखास वापरला जातो. मातीच्या आखाड्यात अशी कुस्ती लागली तर प्रेक्षक खपवून घेत नाहीत. ‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या रिंगमध्ये मात्र विजेता आधीच ठरलेला असतो, हे प्रेक्षकांना पक्के ठाऊक असते. तरीही ते तिकीट काढतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि आवडत्या मल्लाचे गाणे दिवसभर मोबाइलवर ऐकतात. यातलाच एक मल्ल, ब्रे वायट, २४ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ३६व्या वर्षी गेला, तेव्हा जगभरातील चाहते शोकाकुल झाले. कुस्ती, भयपट आणि मेटल संगीत या तिन्ही आवडी त्याच्या पात्रात एकत्र आल्या होत्या. या वेडात खोटे किती आणि खरे किती, ते समजून घेऊ.

निकाल ठरलेला असतो, हे कंपनीने मान्य केले आहे का?

होय. ‘ही लढत खरीच आहे’ असे भासवत राहण्याची या धंद्यात अनेक दशके सक्त रीत होती. तिला ‘केफेब’ म्हणतात. रिंगमधला नायक आणि खलनायक बाहेरही एकत्र दिसणार नाहीत, इथपर्यंत काळजी घेतली जाई. १९८९ मध्ये मात्र तेव्हाच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा स्पर्धात्मक खेळ नसून मनोरंजन असल्याचे सांगून टाकले. कारण व्यवहाराचे होते. खेळ म्हटला की सरकारी देखरेख, परवाने आणि कर आले. मनोरंजन म्हटले की त्यातून सुटका.

गुपित फुटल्याने धंदा बुडाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमासाठी दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार जाहीर केला. भारतातही २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम नेटफ्लिक्सवरच दिसतात.

कुस्तीत भूतखेत कधी शिरले?

नव्वदच्या दशकात ‘ट्रम्प कार्ड’ खेळलेल्या पिढीला याचे उत्तर एका नावात मिळेल : अंडरटेकर. २२ नोव्हेंबर १९९० रोजी ‘सर्व्हायव्हर सिरीज’मध्ये मार्क कॅलवे हा मल्ल या नावाने अवतरला. काळा कोट, काळी हॅट आणि मेल्यासारखी शांत चाल. त्याचे प्रवेशसंगीत शोपँ या पोलिश संगीतकाराच्या अंत्ययात्रेच्या धुनेवर बेतलेले होते. त्याचा व्यवस्थापक पॉल बेअरर अस्थिकलश घेऊन सोबत चाले. ही भूमिका करणारे विल्यम मूडी खऱ्या आयुष्यातही अंत्यसंस्काराच्या व्यवसायात काम केलेले होते. १९९७ मध्ये अंडरटेकरचा कथेतला भाऊ म्हणून मुखवटाधारी केन आला. केन साकारणारे ग्लेन जेकब्स पुढे २००६ मध्ये ‘सी नो एव्हिल’ या भयपटात झळकले आणि २०१८ मध्ये टेनेसी राज्यातील नॉक्स काउंटीचे महापौर झाले.

भारतीय प्रेक्षक या दुनियेशी आणखी जोडला गेला तो २००६ मध्ये. दलीपसिंग राणा म्हणजेच ‘द ग्रेट खली’ने त्या वर्षी थेट अंडरटेकरला हरवले. अर्थात, तोही निकाल ठरलेलाच होता.

ब्रे वायट कोण होता?

खरे नाव विंडहॅम रोटुंडा. जन्म १९८७ चा, घराणे कुस्तीचे. आजोबा ब्लॅकजॅक मलिगन, वडील माइक रोटुंडा आणि मामा बॅरी विंडहॅम हे सगळे या व्यवसायातले. २०१० मध्ये ‘हस्की हॅरिस’ नावाने तो टीव्हीवर आला, पण जम बसला नाही. २०१३ मध्ये तो ‘ब्रे वायट’ म्हणून परतला. हवाईयन शर्ट, हातात कंदील, डुलती खुर्ची आणि एखाद्या विचित्र पंथाच्या बाबासारखे गूढ बोलणे. 

२०१९ मध्ये त्याने आणखी पुढची पायरी गाठली. ‘फायरफ्लाय फन हाउस’ या नावाने लहान मुलांच्या कार्यक्रमासारखा एक भाग दाखवला जाऊ लागला. रंगीत खोली, बोलक्या बाहुल्या आणि हसरा वायट. त्यातल्या डुकराच्या बाहुलीचे नाव होते ‘हस्कस’, म्हणजे स्वतःच्याच फसलेल्या जुन्या पात्राची खिल्ली. या हसऱ्या चेहऱ्याआड दडलेले त्याचे दुसरे रूप म्हणजे ‘द फीन्ड’ हा मुखवटाधारी सैतान.

पिट्सबर्गशी या पात्राचा काय संबंध?

फीन्डचा मुखवटा विशेष प्रभाव कलाकार टॉम सॅव्हिनी यांच्या चमूकडून आला. ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) या भयपटांतील रक्तबंबाळ रंगभूषा सॅव्हिनी यांचीच. ते पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गचे. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा गाजलेला चित्रपट याच शहराच्या परिसरात चित्रित केला होता. 

फीन्डचे प्रवेशगीत ‘लेट मी इन’ करणारा ‘कोड ऑरेंज’ हा मेटल-हार्डकोर बँडही पिट्सबर्गचाच. म्हणजे भयपटप्रेमी मुखवट्यावरून सॅव्हिनीला ओळखतो, मेटलप्रेमी पहिल्या काही सेकंदांत बँड ओळखतो आणि कुस्तीप्रेमीला या दोघांचेही जग आपसूक कळते. 

गाण्याचे काम नेमके काय?

कुस्तीत प्रवेशगीत म्हणजे पात्राची सही. कोण येणार हे पडद्यावर दिसण्याआधी कानाला कळते आणि सगळे स्टेडियम एकदम उसळते. वायटचे पहिले गाणे मार्क क्रोझर या संगीतकाराचे होते. संथ, ब्लूजच्या वळणाचे. दिवे मालवले जात, कंदील पेटे आणि प्रेक्षक मोबाइलचे टॉर्च लावून हात उंचावत. अंधारात लुकलुकणाऱ्या या हजारो दिव्यांना ‘फायरफ्लाइज’ म्हणजे काजवे हे नाव पडले.

‘कोड ऑरेंज’ने फीन्डसाठी हेच गाणे नव्याने बांधले. चाल ओळखीची, पण गिटार फाटल्यासारखी आणि गाणे किंकाळ्यांचे. ओळखीची गोष्ट बिघडलेल्या रूपात समोर येणे हे भयकथेचे जुने हत्यार. इथे ते गाण्यातून वापरले गेले.

चाहता रोज काय करतो?

त्याचे वेड आठवड्याच्या दोन-तीन तासांपुरते नसते. व्यायामशाळेत प्रवेशगीत, प्रवासात जुन्या लढतींच्या क्लिप, रात्री भयपट आणि अधूनमधून ‘पुढे काय होणार’ याचे तर्क, असा हा दिनक्रम असतो. 

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने या सवयीचाच खेळ केला. वर्षभरापूर्वी, जुलै २०२१ मध्ये, वायटला करारमुक्त केले गेले होते. आता कार्यक्रमांत जाहिरातीच्या वेळी अचानक लाल दिवे लागू लागले आणि ‘जेफरसन एअरप्लेन’ बँडचे १९६७ चे ‘व्हाइट रॅबिट’ हे गाणे वाजू लागले. टीव्हीवरील दृश्यांत कोपऱ्यात क्यूआर कोड दिसे. मोबाइलने तो स्कॅन केला की ससा, शब्दकोडी आणि आकडे समोर येत. चाहत्यांनी ती मिळून सोडवली. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी फिलाडेल्फियात वायट परतला, तेव्हा बहुतेकांनी ते आधीच ओळखले होते. तरी गर्जना झालीच. आपला तर्क बरोबर ठरल्याचा आनंद धक्क्यापेक्षा कमी नसतो.

खोटे आहे हे माहीत असूनही मजा का येते?

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये यावर निबंध लिहिला. कोण जिंकेल यापेक्षा वेदना, पराभव आणि न्याय ठळकपणे पाहायला मिळणे प्रेक्षकाला हवे असते, असे त्याचे सार. कोकणातील दशावतारात संकासुर शेवटी मरणार, हे जत्रेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरी ते आईला चिकटूनच बसते.

भय आणि कर्कश संगीत याबाबत काही अभ्यासही झाले आहेत. करोनाकाळातील पाहणीवर आधारित, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भयपटप्रेमींना इतरांच्या तुलनेत मानसिक त्रास कमी जाणवल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात, राग आणवलेल्या ३९ मेटलप्रेमींपैकी ज्यांनी आपले आवडते संगीत ऐकले त्यांचा राग भडकला नाही, उलट त्यांना उत्साह वाटला. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ‘असले बघून, ऐकून डोके बिघडते’ या सरसकट समजाला ते छेद देतात.

चाहता काहीही खपवून घेतो, असेही नाही. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी सॅक्रामेंटोत फीन्ड आणि सेथ रोलिन्स यांची पिंजऱ्यातील लढत निकालाविनाच गुंडाळली गेली. ज्या लढतीत काहीही चालते, तीच पंचाने थांबवली. प्रेक्षकांनी तिथेच ‘पैसे परत करा’च्या घोषणा दिल्या. निकाल ठरवला म्हणून नव्हे, वाईट ठरवला म्हणून. खोटेपणा मान्य, फसवणूक अमान्य, असा हा करार आहे.

मग यात खरे काय?

शरीर. रिंग म्हणजे पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावून, जास्तीत जास्त पाठ एकाच वेळी टेकवायची, म्हणजे धक्का एका जागी न बसता विभागतो, हे तंत्र शिकवले जाते. धक्का विभागला तरी नाहीसा होत नाही. वर्षानुवर्षे तोच धक्का मान, गुडघे आणि मेंदू सोसतात.

कधी हिशेब तिथेच चुकतो. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरताना बांधणी सुटून खाली पडला आणि मरण पावला. काही प्रेक्षकांना आधी तो कथेचाच भाग वाटला. त्या रात्री उरलेला कार्यक्रम पूर्ण करण्यात आला, यावर आजही टीका होते. एवढी जोखीम घेणारे डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्ल कागदोपत्री कर्मचारी नाहीत, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. त्यांची संघटनाही नाही. 

वायटचा मृत्यू रिंगमध्ये झाला नाही. त्याला हृदयविकाराचा झटका आला. टीव्हीवरील त्याची शेवटची लढत २८ जानेवारी २०२३ ची. एका शीतपेयाच्या प्रायोजकत्वाखाली अंधारात, चमकणाऱ्या रंगांत खेळवलेली. मृत्यूनंतरच्या ‘स्मॅकडाउन’मध्ये दहा वेळा घंटा वाजवून त्याला श्रद्धांजली देण्यात आली आणि प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे लावले. या वेळी पटकथेत त्याचे परतणे नव्हते. मुखवट्यामागे चार मुलांचा बाप होता, हे चाहत्यांना माहीत होते. म्हणूनच पात्राची भीती आणि माणसाविषयीची माया त्यांच्या मनात एकाच वेळी नांदू शकली.

पुढे काय झाले?

१७ जून २०२४ रोजी ‘वायट सिक्स’ हा मुखवटाधारी गट ‘रॉ’मध्ये आला. त्याचा म्होरक्या ‘अंकल हाउडी’ म्हणजे वायटचा धाकटा भाऊ टेलर रोटुंडा, रिंगमधला बो डॅलस. फन हाउसमधल्या बाहुल्या आता माणसांच्या रूपात अवतरल्या. कंपनीसाठी ते नवे उत्पादन आहे, भावासाठी दुःख वाहून नेण्याची वाट आणि चाहत्यांसाठी पुन्हा एकदा टॉर्च लावण्याचे निमित्त. आवडत्या मल्लासाठी ओरडताना त्याच्या विम्याचा, विश्रांतीचा आणि सुरक्षिततेचाही आवाज चाहत्यांनी उठवला, तर या ठरवलेल्या खेळात एक निकाल तरी खराखुरा लागेल.